गॅस गिझरचाही पाठ हवा

सांगलीतल्या बचत गटांना घरच्या सुरक्षेचे धडे देण्याविषयीचा लेख आवडला. सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी सगळं आलं, पण बाथरूममधला गॅस गिझर राहिला. तो यायलाच हवा, कारण इथे वास येत नाही. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, गिझरमधून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला तो मुळीच नसतो.

छोट्या बंद बाथरूममध्ये बर्नरला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला ऑक्सिजन पुरत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग हातापायांतलं बळ जातं आणि कडी काढणंही जमत नाही.

गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आत फक्त गरम पाण्याची पाइप आणावी. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी, मगच आंघोळ. साताऱ्या-वाईकडच्या थंडीत झरोक्याला पुठ्ठा लावतात, तो आधी काढा. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. बाहेरची हवा आत यायला दाराखाली फट लागते. ज्योत पिवळी दिसली, काजळी धरली तर मेकॅनिकला दाखवेपर्यंत वापर बंद. बंद खोलीतल्या शेगडीलाही हेच लागू.

कुणी बेशुद्ध सापडलं तर लगेच मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ला फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळीही ऑक्सिजनचा आकडा चांगलाच दाखवतो.