टेबलाखालचा तज्ज्ञ

आमच्या नात्यागोत्यात कोणीही जुनं फर्निचर घ्यायला किंवा विकायला निघालं की पहिला फोन मला येतो. यात माझं कर्तृत्व एवढंच की एका लग्नाच्या पंगतीत मी बोलून गेलो, स्क्रूचं डोकं बघून खुर्चीचं वय सांगता येतं. बास, तेव्हापासून मी "आपल्यातला अँटिकवाला". पगार शून्य, प्रवासखर्च स्वतःचा, आणि काम काय तर परक्या दुकानात फरशीवर उताणं पडून टेबलाच्या पोटात टॉर्च मारायचा.

मुख्य गिऱ्हाईक म्हणजे माझा मेव्हणा. त्याने कुठलंसं रील बघितलं आणि त्याला साक्षात्कार झाला की जुनं फर्निचर स्वस्तात उचलायचं, पॉलिश मारायचं आणि तिप्पट भावाने काढायचं. "दाजी, तुम्ही फक्त बघायला चला." हे फक्त बघायला म्हणजे भर मे महिन्यात चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, हातगाड्या चुकवत. एका दुकानात त्याला लांब हातांची आरामखुर्ची आवडली. चाचा म्हणाले, डेढसौ साल पुरानी, विक्टोरिया के टाइम की, पारसी बंगले से आयी है. (या बाजारातलं प्रत्येक फर्निचर पारशाच्याच बंगल्यातून येतं. मुंबईतले सगळे पारशी एकाच वेळी बसले तरी खुर्च्या उरतील.)

मी खुर्ची उलटी केली. खाली फुलीचा स्क्रू. हा फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू बाजारात आला १९३० च्या दशकात, आणि राणी गेली १९०१ ला. मी जरा छाती काढून हे सांगितलं तर चाचा शांतपणे म्हणाले, "रिपेअर हुआ होगा साहब. डेढसौ साल में आपका कुछ रिपेअर नहीं होगा क्या?"

आणि पंचाईत अशी की ते बरोबरही असू शकतं. एका स्क्रूवरून काहीच ठरत नाही. सगळेच्या सगळे फुलीचे असतील आणि शेजारी जुन्या स्क्रूचं बुजवलेलं भोकही कुठे दिसत नसेल तर मग दाट संशय घ्यायचा. म्हणून परत उताणं पडायचं. वेत बघायचा, बैठकीच्या चौकटीत ओळीने भोकं पाडून एकेक वेत हाताने ओवलाय की तयार जाळीचा तुकडा खाचेत ठोकून वरून पट्टी दाबलीये. हातांच्या कडा बघायच्या. माणूस बसून बसून लाकूड झिजतं ते जिथे हात टेकतो तिथे झिजतं, आणि नकली मालात झीज सगळीकडे सारखी असते, मागच्या पायाच्या आतल्या बाजूलासुद्धा, जिथे आजवर कोणाचा हात गेलेला नाही. सायकलची चेन मारून खड्डे पाडायचे, वर कडक चहाचं पाणी आणि ब्राऊन बूट पॉलिश चोळायचं, झाली खुर्ची दोन पिढ्यांनी मोठी.

किडीच्या भोकांचं तर आणखीनच. भोकं दिसली की मेव्हणा खुश, "ओरिजिनल आहे दाजी!" अरे बाबा, ड्रिलनेही भोकं पडतात. किडा काही भोक सरळ पाडत नाही, आत शिरला की वळणं घेत जातो, त्यामुळे बारीक तार घातली तर ती अडते. ड्रिलच्या भोकात सुळकन सरळ जाते. आणि भोकाखाली ताजी पिवळट भुकटी पडलेली असेल तर माल ओरिजिनल असेलही, पण किडाही ओरिजिनल आहे आणि तो घरी येऊन तुमच्या दरवाज्याच्या चौकटीला लागणार आहे.

मी आपला नखाएवढ्या कोपऱ्यात स्पिरिटचा कापूस लावून बघतो. लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश असेल तर चिकट होऊन कापसाला रंग लागतो, मेलामाइन किंवा पीयूसारखं हल्लीचं पॉलिश असेल तर ढिम्म. हे करताना दुकानदार आपल्याकडे असा बघतो जणू मी त्याच्या पोराला इंजेक्शन देतोय.

हे झालं वयाचं. किमतीचा मामला पूर्ण वेगळा, आणि तो मला कळला गिरगावातल्या माझ्या मावशीमुळे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये तिचं आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी गोल टेबल ठेवलं तर माणसांनी पॅसेजमध्ये उभं राहायचं, म्हणून विकायचं ठरलं. टेबल खरं होतं. मी टेपने मोजलं, एका बाजूने व्यास जरा कमी भरला. लाकूड वर्षानुवर्षं रेषांच्या आडव्या बाजूने आकसतं, उभ्या बाजूने जवळपास नाहीच, त्यामुळे अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल नकळत लंबगोल होतं. मावशी म्हणाली, "म्हणजे वाकडं झालंय? मग भाव कमी येणार का रे?"

भाव विचारला. भंगारवाल्याने किलोवर सांगितला आणि वर म्हणाला, उतरवायची मजुरी तुमची. आमच्या मिस्त्रींनी घनफुटावर हिशोब केला, साग चांगलाय, फाडून दोन दरवाज्यांच्या फ्रेम निघतील. टेबल म्हणून त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मग आला जुन्या फर्निचरचा डीलर. आता गंमत बघा, याच माणसाच्या दुकानात असलंच टेबल "रेअर अँटिक" म्हणून उभं होतं, किंमत ८५,००० रुपये. मावशीच्या घरात शिरल्यावर तेच टेबल "जुना माल" झालं. "आजकाल कोण घेतंय ताई, पायाला चीर आहे, लिफ्टमध्ये जात नाही." बोली ६,०००. म्हणजे दुकानात वय वाढलं की भाव वाढतो, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवेपर्यंत तेच वय म्हणजे आजारपण असतं.

मेव्हण्याने लगेच न्यू जर्सीतला मित्र काढला, तिकडे डॉलरमध्ये विकू. त्याला १९७२ चा पुरावशेषांचा कायदा समजावला, १०० वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "मग ऐंशीचं आहे म्हणून सांगू." दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस डीलरला ते १२० चं आहे म्हणून सांगत होता.

बरं, हा हावरटपणा एकट्या त्याचाच आहे असंही नाही. चंदीगडच्या सरकारी ऑफिसांसाठी १९५० च्या दशकात पियेर जानरे या वास्तुकाराने केलेल्या सागाच्या, वेताच्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावात लाखांनी गेल्या, शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांची विक्री थांबवायला सांगितलं. ही बातमी फॅमिली ग्रुपवर फिरल्यापासून ज्याच्या घरात तिरक्या पायांची खुर्ची आहे तो मला फोटो पाठवतो. त्यातली एक चक्क प्लॅस्टिकची होती.

मावशीचं टेबल शेवटी एका कॅफेवाल्या मुलीने घेतलं, ३२,००० ला. मी तिला जुनं पॉलिश घासून काढू नको, त्यातच निम्मी किंमत आहे, वगैरे सांगत होतो. तिने कौतुकाने सगळं ऐकून घेतलं, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "छानच आहे, पण काका, याला जरा व्हिंटेज लुक देता येईल का? म्हणजे थोडं जुनं वाटेल असं?"

मी तोंड उघडायच्या आत मेव्हणा म्हणाला, "देऊ की मॅडम. २,००० एक्स्ट्रा." आणि माझ्या कानाशी येऊन, "दाजी, घरी सायकलची चेन आहे का?"