‘ब्लॉकच्या भिंतीला तडा जाणारच’ म्हणणाऱ्यांनो, आता पुरे

“अहो ताई, ब्लॉकची भिंत म्हटल्यावर तडा जाणारच.” हे वाक्य यापुढे मला कुणी ऐकवू नये. गवंड्यानं ऐकवलं, ब्लॉकवाल्यानं ऐकवलं, रंगाऱ्यानं तर पुट्टीचा डबा उघडता उघडता ऐकवलं. वर नातेवाईक आहेतच. म्हणे सगळ्यांच्या घरी तडे असतात, एवढं काय मनाला लावून घेतेस! का नाही लावून घ्यायचं? सोलापुरात प्लॉट घेतला, कर्ज काढलं, पै-पै जोडून घर उभं केलं. वास्तुशांतीचा मांडव सोडला न सोडला तोच हॉलच्या भिंतीवर कॉलमच्या कडेनं वरपासून खालपर्यंत सरळ चीर. आणि म्हणे जाणारच.

कशी जाणारच? सिमेंटचा ब्लॉक ओला झाला की किंचित फुगतो आणि वाळला की आकसतो. नवा असताना सगळ्यात जास्त आकसतो. म्हणून ब्लॉक साच्यातून पाडल्यावर तो निदान 14 दिवस सतत ओला ठेवायचा आणि मग चार आठवडे वाळू द्यायचा, असं आयएस 2185 या ब्लॉकच्या भारतीय मानकात लिहून ठेवलंय. माझ्या दारात टेम्पोतून उतरलेले ब्लॉक काळपट ओले होते. नखानं खरवडलं तर कोपऱ्याचा भुगा हातात येत होता. मी तो भुगा मिस्त्रीच्या तळहातावर ठेवला. त्यानं हात झटकला, “काय होत नाही ताई,” म्हणाला आणि सूत बांधून पुढचा थर सुरू केला. तो ब्लॉक वाळणार कुठे? भिंतीत! आकसणार कुठे? भिंतीत! मग भिंत फाटणार नाही तर काय होणार?

त्यातून या लोकांचा हात बसलेला विटेवर. वीट टाकीत बुडवून लावायची असते, ती सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषून घेते म्हणून. सिमेंटच्या ब्लॉकला ते चालत नाही. फार कोरडी हवा असेल तर माल लागतो त्या बाजूला नुसता पाण्याचा हात फिरवायचा. आमच्याकडे मात्र पाइप धरून ब्लॉकच्या थप्पीला आंघोळ घातली. आणि जिथं खरंच पाणी हवं होतं, त्या प्लास्टरवर? सोलापुरातला एप्रिल, ऊन चाळिशीच्या वर, नळाला पाणी काही दिवसांआड. मी स्वतःच्या पैशानं टँकर मागवला, टाकी भरून ठेवली, सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा म्हणून हात जोडले. बिगारी सकाळी एकदा भिंतीवर बादली भिरकावायचा, संपला विषय. दुपारी भिंतीला हात लावला की चटका बसायचा. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या, तर म्हणे पुट्टीत झाकल्या जातील.

“तुमच्यासाठी माल तगडा केलाय” हे आणखी एक. एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू! अहो, जोडकामाला एकास सहाचा माल पुरतो. सिमेंट जास्त घातलं की माल स्वतःच जास्त आकसतो, आणि सांधा ब्लॉकपेक्षा कडक झाला की ताण आल्यावर ब्लॉकच मधोमध चिरतो. सिमेंटच्या गोण्या माझ्या पैशाच्या जास्त गेल्या आणि भिंतही माझीच फुटली.

कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर प्लास्टरच्या आधी जाळी मारायची असते. जाळीचं बंडल मी आणून दिलं होतं. ते जिन्याखाली तसंच गंजलं. बीमखालचा शेवटचा थर लगेच कोंबून भरायचा नाही, खालची भिंत बसू द्यायची आणि मग भरायचा. यांनी त्याच संध्याकाळी भरला, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साईटवर जायचं होतं. बीमखाली आज आडवी भेग आहे, तीत पोस्टकार्ड सरकतं. चार इंची पडदीला मध्ये काँक्रीटची पाटली, म्हणजे आडवा पट्टा हवा, तो कुठेच नाही. आणि वायरिंगवाल्यानं त्याच पडदीत छिन्नी-हातोड्यानं हातभर लांब आडवी खाच मारली. मशीनच्या कटरनं उभी घेता आली असती, पण कटर दुसऱ्या साईटवर!

कंपाउंडच्या भिंतीबद्दल तर बोलायलाच नको. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुरूम लागेपर्यंत पाया न नेता भिंत उभी केली. सलग लांबच लांब, मध्ये भिंतीला हलायला एकही मोकळा सांधा सोडलेला नाही. आता पायऱ्या-पायऱ्यांनी तडा चढतोय.

पण खरा संताप येतो तो दुरुस्तीवाल्यांचा. दर दिवाळीला नवा माणूस येतो आणि तेच करतो. पुट्टी, पॉलिश पेपर, रंग, पैसे. संक्रांतीला चीर पुन्हा हजर. तडा हलता आहे की थांबलाय हे बघायला पेन्सिलीनं त्याची दोन्ही टोकं खुणावून तारीख लिहायची आणि काही महिने नजर ठेवायची, एवढं साधं काम. एकानंही केलं नाही. थांबलेला तडा खोदून रुंद करा, धूळ काढा, पॉलिमरचा माल भरा, जाळी लावून वरून प्लास्टर करा. हलता असेल तर लवचिक सीलंट लागतं, तिथं पुट्टी टिकत नाही. मी हे सांगितलं तर एक जण म्हणाला, “ताई, तुम्हीच करून घ्या मग.” माझ्या घरात उभं राहून, माझाच चहा पिऊन!

बिल्डरकडून फ्लॅट घेतला असता तर रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत निघालेला बांधकामाचा दोष त्याला फुकट दुरुस्त करून द्यावा लागला असता, तोही 30 दिवसांत. स्वतःच्या प्लॉटवर गवंडी लावून बांधणाऱ्याला कोण वाली? कच्ची पावती आणि उचलला न जाणारा फोन.

चौरस फुटाच्या भावानं काम घेता ना? मग पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी त्या भावात आधीच धरा आणि मला सांगा. जाळीचे, पाटलीचे, महिनाभर थांबायचे पैसे सांगा. मी देईन, कुरकुर न करता देईन. पण अर्धं काम करून पूर्ण पैसे घ्यायचे आणि वर भिंतीलाच दोष द्यायचा, हे माझ्या दारात आता चालणार नाही.