लाल रेषेवरचे जोते आणि शेजारचे पाणी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून उतरलेले पाणी आंबिल ओढ्याच्या पात्रात मावले नाही आणि अरण्येश्वरपासून दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांमध्ये शिरले. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे त्यात गेली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते, आणि तिथे राहणाऱ्या आजींना जिन्यावरून वर आणताना झालेली धावपळ मी आजही विसरू शकत नाही. तेव्हापासून बांधकामाचे नियम मी जमेल तसे वाचत आले आहे, आणि त्यांतली एक तरतूद मला मुळातच अपुरी वाटते.

आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी पूररेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची म्हणजे लाल. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार या दोहोंमधल्या पट्ट्यात बांधकाम करता येते. अट अशी की त्याची पातळी लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर असावी. या अटीने नव्या इमारतीतला माणूस सुरक्षित होतो, हे मान्यच आहे. परंतु जोते उचलण्यासाठी जिथे भराव टाकला जातो, तिथे पूर्वी पुराचे पाणी पसरत असे. ती जागा गेली की तेवढेच पाणी पलीकडच्या जुन्या, बसक्या घरांकडे वळते. त्या घरांचा विचार ही अट करत नाही.

ओढ्यांची स्थिती याहून बिकट आहे. नदीला निदान पूररेषा असते. ओढ्याकाठी बहुतेकदा काही मीटरचे मोकळे अंतर सोडले की काम भागते, मग वरच्या अंगाला डोंगरउतारावर कितीही काँक्रीट झालेले असो. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे खरे, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर गाळाने भरलेला शोषखड्डा पुन्हा उघडून पाहायला कोणी आल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

पूरपट्ट्यात जितके घनमीटर भराव पडेल, तितकीच जागा त्याच भूखंडावर खोदून पाण्यासाठी मोकळी ठेवण्याची अट महापालिकेने परवानगीतच घालावी, आणि दरवर्षी मे महिन्यात तिची प्रत्यक्ष मोजणी करावी.