पहिला शब्द येईपर्यंत

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ सुरू झाल्यापासून गाण्यातला पहिला शब्द कानावर पडायला साडेआठ मिनिटं लागतात. तीन वर्षं मी दर दुसऱ्या शनिवारी ते ऐकायला मित्राकडे जातोय. परवापर्यंत पहिला शब्द ऐकलेला नव्हता.

हे गाणं असलेली १९७५च्या ‘विश यू वेअर हिअर’ची तबकडी माझी, चोरबाजारात घासाघीस करून घेतलेली. प्लेअर एका मित्राचा, स्पीकर दुसऱ्याचे. प्लेअरवाला बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्सच्या पक्षाचा. २००७ साली वॉटर्स मुंबईत आला होता, तेव्हाचं तिकीट त्यानं लॅमिनेट करून देव्हाऱ्याच्या शेजारी लावलंय. स्पीकरवाला गिटारवादक डेव्हिड गिल्मरचा माणूस. मी आपला ऐकायला जातो.

सुई टेकते. कीबोर्ड धुक्यासारखा पसरायला लागतो आणि स्पीकरवाला उसासा टाकतो, “बिचारा राइट!”

झालं. ‘द वॉल’ हा अल्बम रेकॉर्ड होत असताना वॉटर्सनं कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटला बँडमधून काढलं, पण पुढच्या दौऱ्यात पगारावर वाजवायला ठेवलं. स्टेजवर रोज भिंत बांधायची आणि रोज पाडायची, त्या खर्चात दौरा बुडाला. मालक तिघं तोट्यात, पगारदार राइट तेवढा पैसे घेऊन घरी गेला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय, की महिनाअखेरीला राइटचा पगार जमा झाला का याची मलाच काळजी लागते.

चार मिनिटं होत आली, की गिटारचे ते चार सूर येतात. इथे प्लेअरवाला सुई उचलतोच. कारण हे गाणं बँडचा मूळ म्होरक्या सिड बॅरेटवर आहे, आणि सिडचा विषय निघाल्यावर मागे संगीत चालू ठेवणं त्याला बरं वाटत नाही. जानेवारी १९६८. कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? उत्तर आलं, राहू दे. संपलं. ज्यानं बँडला नाव दिलं, त्याला शेअर रिक्षातल्या चौथ्या सीटइतकाही विचार न करता मागे ठेवलं. पुढे जून १९७५मध्ये याच तबकडीचं काम चालू असताना ॲबी रोड स्टुडिओत एक जाडसर माणूस येऊन उभा राहिला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. बराच वेळ कुणालाच ओळख पटली नाही. तो सिड होता. इथे मात्र मीही गप्प होतो, दर वेळी.

मग वाटणी. १९८५मध्ये वॉटर्स बाहेर पडला आणि म्हणाला, बँड संपला. बाकीचे म्हणाले, तू गेलास, बँड आहे. वकील आले. २३ डिसेंबर १९८७ला थेम्स नदीवर, गिल्मरच्या हाउसबोटीत तडजोड झाली. नाव गिल्मर आणि ड्रमवाला निक मेसनकडे, ‘द वॉल’ वॉटर्सकडे, आणि मैफलीत हवेत सोडायचं ते फुगवलेलं डुक्करही वॉटर्सकडे.

“वाटणीत डुक्कर?” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “आमच्याकडे जात्यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, पण डुक्कर म्हणजे…”

भांडण चालू असतानाच्या दौऱ्यात गिल्मरच्या मंडळींनी आपलं डुक्कर वेगळं दिसावं म्हणून त्याला काय काय जोडलं, हे स्पीकरवाला आवाज बारीक करून सांगतो. वहिनींना ते दर वेळी ऐकू जातं.

मागच्या महिन्यात विषय २००५वर आला. २ जुलै, हाइड पार्क, चौघं चोवीस वर्षांनी एका मंचावर. शेवटी वॉटर्सनं गिल्मरला मिठीसाठी जवळ बोलावलं. “मोठेपणा!” प्लेअरवाला म्हणाला. “गेला ना पण? मोठेपणा जाणाऱ्याचा!” स्पीकरवाला म्हणाला. रात्री साडेदहाला त्यानं वायरी उपसल्या आणि स्पीकर घरी नेले. एक मी उचलू लागलो.

परवा दोघांचे फोन आले, वेगवेगळे. “तबकडी घेऊन ये.” मी प्लेअरकडे गेलो. स्पीकर नसले तरी सुईतून मच्छराएवढा आवाज येतो. तिघं वाकून कान लावून बसलो. बोललं की गाणं बुडतं, म्हणून प्लेअरवाल्याला तोंड मिटावं लागलं. राइट गेला, चार सूर गेले, आठ मिनिटं गेली. आणि आला. पहिला शब्द!

“भावजी, हे कोण गातंय?” वहिनींनी कुजबुजत मला विचारलं.

“वॉटर्स!” प्लेअरवाला ताठ झाला, आणि नीट सांगता यावं म्हणून त्यानं सुई उचलली.