ऑडिशनला मूल पाठवताय? मग हे कराच!

मुलांच्या संगीत नाटकाची ऑडिशन जाहीर झाली की पालकांची जी तगमग होते ती मला पाहवत नाही. मी त्या खोलीत पियानोवर साथीला असते. परवाच्या शनिवारनंतर तर चार युक्तीच्या गोष्टी सांगणं हे मला कर्तव्यच वाटू लागलं आहे.

गाणं निवडताना वयाचा विचार करू नका. 11 वर्षांच्या मुलीने संसार मोडलेल्या बाईची व्यथाच गायला हवी. पट्टीही मूळ गायिकेचीच ठेवा. ती खाली आणली तर लोक काय म्हणतील? वरचा सूर लागत नसेल तर ओरडून लावायचा. आठवडाभर रोज ओरडून घ्या, म्हणजे ऑडिशनच्या दिवशी आवाज छान बसतो आणि ‘सर्दी झालीये हो तिला’ असं सांगता येतं. मुलाचा आवाज फुटत असेल तर दोन वर्षांपूर्वी बक्षीस मिळवून देणारं गाणं आहेच, त्याच पट्टीत.

सूचनापत्रकात ‘16 बार’ (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा तुकडा) असं लिहिलेलं असतं, ते इतरांसाठी. चार मात्रांचा बार आणि मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर हा मामला 32 सेकंदांत आटोपतो. एवढ्यात तुमच्या लेकराची प्रतिभा मावणार कशी? अख्खं गाणं म्हणायला लावा, मधल्या वाद्यसंगीतासकट. तेव्हा मुलाने काय करायचं? उभं राहायचं. आम्हीही बघत बसतो.

नोटेशन सुट्या कागदांवर आणा, झेरॉक्समध्ये खालची ओळ कापली गेलेली असेल तर उत्तम, माझ्या डाव्या हाताला तेवढीच विश्रांती. कुठून सुरू आणि कुठे थांबायचं याच्या खुणा मुळीच नकोत. नोटेशन फोनवर असेल तर पानं मी तिसऱ्या हाताने सरकवीन.

नाचाच्या फेरीला नवे कोरे बूट, त्याच सकाळी खोक्यातून काढलेले.

संवाद मात्र घोटून घ्या. ‘मी’ म्हटलं की हात छातीवर, ‘आकाश’ म्हटलं की बोट वर, ‘मन’ म्हटलं की हात पुन्हा छातीवर. दिग्दर्शक नंतर ‘आता हेच जरा चिडून म्हण’ असं म्हणतो, तेव्हा मूल गोंधळून तुमच्याकडे बघतं. सांगितलेला बदल मुलाला करता येतो का, एवढंच खरं तर त्याला बघायचं असतं, पण ते सोडा.

‘कोरसमध्ये चालेल का?’ या प्रश्नापुढे ठसठशीत ‘नाही’. तालमीला कधी येता येणार नाही तो रकाना कोरा. भूमिका मिळाल्यावर सांगू.

आता दाराबद्दल. खोलीच्या दाराला काच असते, ती तुमच्यासाठीच. तिथे उभं राहून ओठ हलवा. मूल हसत नसेल तर स्वतःच्या तोंडाचे कोपरे दोन बोटांनी ताणून दाखवा. परवा एका आईने दाखवले. फोन काचेला टेकवून चित्रीकरण करा. म्हणजे मूल परीक्षकांकडे न बघता दाराकडे बघून गाईल. आणि मूल अडलं की दार उघडून सरळ आत या. शनिवारी एक मुलगा किती छान गात होता! चौथ्या ओळीला अडला. दिग्दर्शक म्हणाली, “सावकाश, घाई नाही.” मी तेच दोन बार फिरवत राहिले, तो मान डोलावून लय पकडत होता, आता उचलणार, तेवढ्यात दार उघडलं आणि वडिलांनी पुढचा शब्द मोठ्याने सांगितला. पोरगं जे गप्प झालं ते झालंच. वर आम्हालाच ऐकवलं, “घरी तर छान म्हणतो.”

घरी छान म्हणतो, कारण घरी परीक्षा नसते. अहो, विसरला तर विसरू दे ना! शब्द विसरला म्हणून कुणी मुलाला काढत नाही. विसरल्यावर तो काय करतो हे आम्हाला बघायचं होतं, आणि तेच तुम्ही बघू दिलं नाहीत. प्रयोगात अडला तर विंगेतून धावत येणार आहात का? काचेपासून लांब बसा. बाहेर आल्या आल्या ‘वरचा सूर का लागला नाही’ म्हणून पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर त्याची उलटतपासणी घेऊ नका, आम्हाला आत ऐकू येतं. यादी लागली की रात्री अकराला दिग्दर्शकाला ‘आमच्यात काय कमी होतं?’ असा मेसेज पाठवू नका. तुमच्यात काय कमी आहे ते बघायला आम्ही बसलोच नव्हतो. त्याची यादी त्याला वाचू दे, रडायचं तर रडू दे. आणि पुढच्या वेळी फॉर्म भरण्याआधी त्याला जायचंय का, हे विचारा. या वेळी विचारलं होतं?