टार्गेट ‘ईएस५’ केलं म्हणजे काम झालं?

टाइपस्क्रिप्ट (टाइप लावून लिहायची जावास्क्रिप्ट; कम्पायलर तिची साधी जावास्क्रिप्ट बनवतो) शिकणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: टीएसकॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये टार्गेट (तयार होणारी जावास्क्रिप्ट कोणत्या मानकाची हवी ते) ‘ईएस५’ या जुन्या मानकावर ठेवा, एडिटरमध्ये चूक दाखवणारी लाल रेघ आली तर ‘लिब’ या सेटिंगमध्ये नव्या मानकाचं वर्ष टाका आणि स्ट्रिक्ट, म्हणजे टाइपची कडक तपासणी, चालू करा. मग म्हणे कोड कुठल्याही ब्राउझरवर चालतो, चूक असेल तर कम्पायलर जावास्क्रिप्ट बनवतच नाही आणि रनटाइमला, म्हणजे कोड चालताना, टाइपचा घोळ होत नाही. यातलं एकही विधान धड खरं नाही.

पहिलं टार्गेटचं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. टार्गेट बदलतं ते फक्त लिखाणाची पद्धत. कॉन्स्टचा व्हार होतो, अ‍ॅरो फंक्शनचं साधं फंक्शन होतं, क्लास मोडून प्रोटोटाइपवर येतो. पण स्ट्रिंगवरचं रिप्लेसऑल (मजकुरात एखादा शब्द सगळीकडे बदलणारं फंक्शन) २०२१ च्या मानकात आलं; ते वापरलंत तर एडिटर आधी कुरकुरतो. सल्ल्याप्रमाणे लिबमध्ये ‘ईएस२०२१’ टाकलं की रेघ गायब! तयार झालेली फाइल उघडून बघा: आजूबाजूला सगळीकडे व्हार आणि मधोमध रिप्लेसऑल जसंच्या तसं. जुना ब्राउझर तिथे ‘इज नॉट अ फंक्शन’ म्हणून आडवा होणारच. लिब ही कम्पायलरला दिलेली नुसती ग्वाही आहे की ‘या सोयी तिथे असतील’. त्या खरोखर पुरवायच्या तर कोअर-जेएससारखं पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड) लागतं, आणि ते तुम्हीच जोडायचं.

चूक असली की फाइल बनत नाही, हेही चुकीचं. ‘नो-एमिट-ऑन-एरर’ (एरर असेल तर फाइल बनवू नको, असं सांगणारं सेटिंग) मुळात बंद असतं. कम्पायलर एरर छापतो, एक्झिट कोड २ (म्हणजे ‘काम बिनचूक झालं नाही’) देतो आणि तरीही ‘डिस्ट’ या तयार फाइलींच्या फोल्डरमध्ये फाइल टाकून मोकळा होतो. बिल्डच्या ओळीत दोन अँपरसँड (‘आधीची कमांड जमली तरच पुढे जा’) असले तर पुढची कमांड थांबते, त्यावरून हा समज झाला असावा.

स्ट्रिक्ट मात्र चालू ठेवाच, त्याबद्दल वाद नाही. पण टाइप सगळे कम्पाइल होतानाच पुसले जातात. जेसन-पार्स (आलेल्या मजकुराचा डेटा बनवणारं फंक्शन) ‘एनी’, म्हणजे ‘काहीही चालेल’ असा टाइप, परत देतं; त्याला ‘अ‍ॅज युझर’ लिहिलंत म्हणजे तपासलं असं होत नाही. सर्व्हरने वय स्ट्रिंगमध्ये पाठवलं तर ‘वय अधिक एक’चं उत्तर ‘३०१’ येईल आणि कोणी हू की चू करणार नाही. बाहेरून येणारा डेटा आत घेतानाच तपासावा लागतो. शिवाय तीन घटकांच्या अ‍ॅरेतला दहावा मागितला तरी नुसतं स्ट्रिक्ट गप्प बसतं; त्यासाठी ‘नो-अनचेक्ड-इंडेक्स्ड-अ‍ॅक्सेस’ वेगळं चालू करायचं.

इतकं करूनही सेटिंगचा परिणाम दिसत नसेल, तर टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कम्पायलर) कमांडपुढे फाइलचं नाव लिहिताय का ते बघा. टाइपस्क्रिप्टच्या ५ क्रमांकाच्या आवृत्त्यांपर्यंत तसं केलं की टीएसकॉन्फिग मुकाट्याने बाजूला पडते.