दरपत्रक वाचण्याचा मोह टाळा

इंटरनेटवरून परदेशी फोन लावून देणाऱ्या सेवेकडून 'आमच्या दरांत काही सुधारणा' अशा विषयाची ई-मेल आली की बडोद्यातील अनेक सुशिक्षित माणसे अस्वस्थ होतात, असे माझ्या पाहण्यात आले आहे. वास्तविक 'सुधारणा' हा शब्द दिसताच माणसाने निर्धास्त व्हावे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते बहुधा याच दूरदृष्टीने, की चार पिढ्यांनंतरच्या बडोदेकराला अटी व शर्ती अडखळल्याविना वाचता याव्यात आणि तरीही त्यांचा अर्थ लागू नये. आपण वाचलेच पाहिजे असे नाही. खाली 'मान्य आहे' असे बटण असते, ते दाबावे.

व्हॉट्सॲप फुकट असताना पैसे भरून फोन कशाला करायचा, असे शेजारी विचारतील. न्यू जर्सीतल्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या आपल्या मावशीच्या खोलीत पलंगाशेजारी एक वायरचा फोन आहे, तिला स्मार्टफोनचा पडदा दिसत नाही आणि बडोद्यात संध्याकाळचे सात वाजले की उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेनऊ होऊन तिची न्याहारी आटोपलेली असते, हे सारे त्यांना समजावत बसू नये. सेवा चालवणाऱ्यांना मात्र ते बरोबर ठाऊक आहे. ज्याला दुसरा मार्ग नाही, त्याच्याकडून चार पैसे अधिक घेण्यात एक प्रकारची आपुलकी असते.

आता मुख्य सुधारणेकडे वळू. मिनिटाचा दर वाढलेला नाही, हे ई-मेलमध्ये ठळक अक्षरांत सांगितलेले असते आणि ते अक्षरशः खरेही असते. वाढलेला असतो तो कॉल जोडून देण्याचा आकार. समोरच्याने फोन उचलला की बोलण्याआधीच तो लागू होतो. काही संकुचित वृत्तीचे लोक येथे शेव-उसळीच्या गाडीचा दाखला देतात. गाडीवाला बाकावर बसण्याचे वेगळे पैसे घेत नाही, तर्री पुन्हा घातल्याचे घेत नाही आणि भाव वाढवायचाच झाला तर पाटीवरचा जुना आकडा सर्वांदेखत पुसून नवा लिहितो, असे त्यांचे म्हणणे असते. म्हणूनच तो बिचारा अजून गाडीवर आहे. व्यवसाय मोठा करायचा तर उसळीचा भाव तोच ठेवून ताटलीला हात लावण्याचा आकार सुरू करावा लागतो, एवढी साधी गोष्ट त्याला कोणी शिकवली नाही.

गणिताची आवड असेल तर ती आवरावी. तरीही हात शिवशिवलाच तर समजा, दर मिनिटाला दोन सेंट आहे, जोडणीचे पाच सेंट आहेत आणि आपण बासष्ट सेकंद बोललात. एका मिनिटावर दोन सेकंद म्हणजे दोन मिनिटे, हा हिशेब या व्यवसायात सर्वमान्य असल्यामुळे बोलण्याचे चार आणि जोडणीचे पाच मिळून नऊ सेंट झाले. म्हणजे मिनिटाला पावणेनऊ सेंटांच्या आसपास पडले. जाहिरातीत दोन सेंट लिहिलेले असतात आणि तेही खोटे नसतात. फक्त त्या दराने बोलायचे असेल तर कॉल कधीही न संपवण्याची तयारी ठेवावी लागते. मध्येच फोन कट झाला आणि आपण पुन्हा लावला, तर जोडणीचे पाच सेंट पुन्हा द्यावे. लाइन खराब असली की जोडण्या वाढतात, यात कोणाचा हेतू शोधणे हे मनाच्या कोतेपणाचे लक्षण आहे.

शिल्लक डॉलरमध्ये का, असे विचारू नये. पाचशे रुपये भरले आणि अठरा टक्के वस्तू व सेवा कर त्यातच धरला, तर बोलण्यासाठी ४२३ रुपये ७३ पैसे उरतात, त्यांचे त्या दिवशीच्या भावाने डॉलर होतात, शिवाय बँक परकीय व्यवहाराचा आपला आकार वेगळा लावते. रुपया घसरला की दरवाढ आपोआप होते आणि ई-मेल पाठवण्याचेही कष्ट वाचतात. शिल्लक एकशे ऐंशी दिवस वापरली नाही तर ती 'निष्क्रिय' होते. आपले पैसे कोणी घेतलेले नसतात, ते झोपलेले असतात. त्यांना उठवण्यासाठी आणखी पैसे भरावेत असा आग्रह होतो, तेव्हा त्यामागची काळजी ओळखावी.

जुन्या आठवणी घरातल्या तरुणांना सांगू नयेत. दांडिया बाजारातल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून माणसे रांगेत उभी राहत, आणि काचेच्या खोलीत डोक्यावर लाल आकडे पळत असत. बोलणारा मावशीच्या आवाजाकडे कमी आणि त्या आकड्यांकडे अधिक लक्ष देई. पण दर कधी आणि किती, हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तोंडपाठ असे. असे उघडे व्यवहार पाहून नवी पिढी बिघडते.

मग १ एप्रिल २००२ पासून सरकारने इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली आणि त्याच दिवशी परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारीही संपली. तेव्हा आपण पेढे वाटले असतील तर तो उत्साह वयाला शोभणारा होता. पुढे १ फेब्रुवारी २०१८ पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'ने परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलवरचा समाप्ती आकार, म्हणजे तो कॉल इथल्या फोनपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला द्यायचे पैसे, मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला. असा आकार कुठल्याही देशात वाढला की दरवाढीच्या ई-मेलमध्ये 'स्थानिक नियमांमुळे' असे खेदपूर्वक लिहिता येते. आपल्याकडचा घटला, तेव्हा कोणाला खेद झाल्याची ई-मेल मला तरी आली नाही. चांगल्या बातम्यांनी ग्राहकाला त्रास देऊ नये, हा संकेत ते पाळत असावेत.

रागाच्या भरात दुसऱ्या सेवेकडे जाण्याचा विचार येईल. जरूर जावे. तिचे दर पहिल्या वर्षी इतके कमी असतात की आपण सुरसागर तलावाला फेरी मारताना भेटेल त्याला तिचे नाव सांगता, आणि दुसऱ्या वर्षी तीच माणसे आपल्याला पाहून वाट बदलतात. २००३ साली निघून जगाला संगणकावरून बोलायला शिकवणारी स्काईपसुद्धा ५ मे २०२५ रोजी बंद झाली; तेव्हा आपल्या सेवेने दर वाढवून का होईना, स्वतःला जिवंत ठेवले आहे, याबद्दल कृतज्ञ असावे.

एवढे होऊनही तक्रार करायचीच असेल तर ती चॅटवर करता येते. पलीकडून 'आपली भावना आम्ही समजू शकतो' असे उत्तर येईल. आपण पुन्हा लिहाल की भावना नको, पाच सेंट परत करा; पुन्हा तेच वाक्य येईल. समजून घेण्याची इतकी चिकाटी आपल्या जवळच्या नातेवाइकांतही आढळत नाही.

माझ्या मते खरी आदर्श ग्राहक ती मावशीच आहे. ट्रंक कॉलच्या जमान्यात वाढल्यामुळे तिला कोणतीही ई-मेल पाठवावी लागत नाही. प्रकृती, पाऊस आणि रावपुऱ्यातले जुने घर, एवढे विचारून पन्नासाव्या सेकंदाला ती स्वतःच म्हणते, "ठेवते रे आता, तुझे पैसे पडतायत." आपण घाईघाईने "मावशी, औषध वेळेवर घे हं" म्हणता, ती "घेते, घेते" म्हणते, मग थोडी थांबून विचारते, "आणि तू जेवलास का?" तेवढ्यात एकसष्टावा सेकंद उजाडलेला असतो.